डोक्यातली हवा उतरवायचीय? मग समोरच्याकडे नीट बघायला शिका (नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी)

हे त्यांच्यासाठी लिहितेय ज्यांना घरच्यांनी, मित्रांनी किंवा ऑफिसातल्या कुणीतरी कधीतरी तोंडावर सांगितलंय की बाबा, तुला फार माज आलाय, तुझ्याशी बोलायला नको वाटतं. आणि त्यांच्यासाठीपण, ज्यांना कुणी काही बोललं नाही पण स्वतःलाच जाणवतंय की समोरचा बोलत असताना आपण ऐकतच नाही, आपलं पुढचं वाक्य जुळवत बसतो. यावर काम करता येतं. त्यासाठी शिबिराला जायला लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि नाशकात राहत असाल तर लागणारं सगळं घरापासून एका सिटीलिंकच्या, म्हणजे शहर बसच्या, तिकिटावर आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. सगळे सांगतात "नम्र हो". बहुतेक जण मग नम्र व्हायला लागतात, म्हणजे काय, तर दिवसभर स्वतःवरच पहारा: मी जास्त बोललो का, मी कसा वाटलो, आज मी किती साधेपणानं वागलो. लक्ष होतं तिथंच राहिलं, स्वतःवर. थोड्या दिवसांनी कंटाळा येतो आणि माणूस पहिल्यासारखा होतो, कधीकधी तर वर अजून "मी आता नम्र झालोय" याचाच ताठा चढतो.

माझं म्हणणं वेगळं आहे. गुर्मी जगते ढोबळ वाक्यांवर. "रिक्षावाले असलेच", "खेड्यावरच्यांना काय कळतं", "एचआरवाल्यांना काम तरी काय असतं", "आईला काय, घरीच तर असते". ही वाक्यं टिकतात कारण आपण त्या माणसाकडे कधी नीट बघितलेलंच नसतं. एका माणसाचं काम अर्धा तास शांतपणे बघा, मग त्याच्याबद्दल पाच-सहा खऱ्या गोष्टी तुमच्याकडे जमा होतात आणि त्या कुठल्याच ढोबळ वाक्यात बसत नाहीत. म्हणून स्वतःला सारखं बारीक लेखत बसण्यापेक्षा दुसऱ्याकडे बारकाईनं बघा, हे जास्त सोपं आहे आणि जास्त टिकतं.

पायरी १: एक जागा धरा, आणि ती ऑफिस नको

सुरुवात अशा ठिकाणी करा जिथं तुम्हाला काहीच सिद्ध करायचं नाही आणि तुम्हाला कुणी ओळखत नाही. ऑफिसात किंवा नातेवाइकांत पहिल्याच दिवशी हे करायला गेलात तर जमणार नाही, कारण तिथं जुनी चढाओढ असते, डोकं लगेच हिशोब करायला लागतं की हा माझ्या पुढं का मागं.

माझी पहिली पसंती गोदावरीकाठच्या गंगाघाटावरचा बुधवारचा बाजार. सातपूर-अंबडकडचे असाल तर शिफ्ट सुटायच्या वेळेला कंपनीबाहेरची चहाची टपरी. नाशिकरोडचे असाल तर स्टेशनचा बाकडा. नाहीतर रोजची बसच घ्या, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) ते जिथं जायचंय तिथपर्यंत. जागा एकच ठेवा, आठवड्याला बदलू नका, कारण पहिल्या खेपेला सगळं नवीन म्हणून दिसतं आणि खरं बघणं दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सुरू होतं जेव्हा नावीन्य संपलेलं असतं. मोबाईल खिशात. हेडफोन पण नको, कान निम्मं काम करतात.

आणि हो, बघणं म्हणजे टक लावून बसणं नाही. कुणाला, खास करून बायकांना, अवघडल्यासारखं वाटेल असं काही करायचं नाही, फोटो-व्हिडिओ तर अजिबात नाही. चहा घ्या, भाजी घ्या, गिऱ्हाईक म्हणून उभं राहा. बाजारात उभं राहणारा माणूस कुणाला खटकत नाही.

पायरी २: चेहरा सोडा, हात बघा

चेहरा बघितला की आपण लगेच मत बनवतो, हा बावळट दिसतो, ही खडूस वाटते. हात बघितले की काम दिसतं.

भाजीवाल्या मावशींकडे बघा. मेथीच्या जुड्या एकावर एक कशाही टाकलेल्या नसतात, मुळं एका बाजूला, पाला एका बाजूला, वर ओलं गोणपाट आणि त्यावर मधूनमधून पाण्याचा हबका, तोही ऊन कुठून येतंय त्या हिशोबानं. टोमॅटोचा वाटा लावताना कडक कुठं, पिकलेलं कुठं, हे हात बोलता बोलता ठरवतो. एका हातानं तोललं जातंय, तोंडानं भाव सांगणं चालू, डोळा कोपऱ्यातल्या त्या गिऱ्हाइकावर जो नुसता चाचपून निघून जाणारे, आणि तेवढ्यात मागच्याला सुटे पैसे. आता स्वतःला विचारा, चार कामं एकदम मला जमली असती का, तेही सकाळी अंधारात उठून माल भरून आणल्यावर.

इथं एका जुन्या प्रयोगाबद्दल सांगायला हवं. १९९९ साली डॅनिअल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्री या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक छोटा व्हिडिओ दाखवला, त्यात पांढऱ्या शर्टवाले आणि काळ्या शर्टवाले बॉल पास करतायत, आणि सांगितलं की पांढऱ्यांचे पास मोजा. मध्येच गोरिलाचा पोशाख घातलेला एक माणूस त्यांच्यातून चालत जातो. बघणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना तो दिसलाच नाही. डोळे उघडे होते, समोर होता, तरी नाही दिसला, कारण डोकं दुसरं काहीतरी मोजत होतं. गुर्मी असलेला माणूस दिवसभर एकच गोष्ट मोजत असतो, कोण माझ्या वर आणि कोण माझ्या खाली. मग बाकीचं सगळं त्याच्यासमोरून चालत जातं. म्हणून हात बघायला सांगतेय, मोजायची गोष्टच बदलून टाका.

पायरी ३: वही, आणि वहीत मत नाही

घरी आल्यावर चार ओळी लिहा. जास्त नको. पण नियम कडक ठेवा: जे दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच.

"कंडक्टर उर्मट होता" हे मत झालं, खोडा. "कंडक्टर चार वेळा 'पुढं सरका' म्हणाला, चौथ्यांदा आवाज चढला, मग एका आजींचं गाठोडं उचलून आत घेतलं, मग सुट्ट्यावरून एकाशी वाजलं" ही नोंद झाली. दोन्ही वाचून बघा. पहिल्या वाक्यात तुम्ही साहेब आहात आणि तो खाली. दुसऱ्यात एक माणूस आहे ज्याची बस भरलीय.

सुरुवातीला चार ओळीतल्या तीन खोडाव्या लागतील, लागू द्या. आपण किती मतं बनवतो हे त्या खोडलेल्या ओळींमुळं कळतं. वही कुणाला दाखवायची नाही, स्टेटसला टाकायची नाही, तिथं टाकली की ती परत स्वतःबद्दलची होते.

पायरी ४: आधी अंदाज लिहा, मग विचारा

ही सगळ्यात उपयोगाची पायरी आहे असं मला वाटतं. काहीतरी वेगळं दिसलं की लगेच विचारू नका. आधी मनात किंवा वहीत अंदाज बांधा की हा माणूस असं का करत असेल. मग त्यालाच विचारा. अंदाज चुकला तर तसं लिहून ठेवा. हे सारखं होत राहतं, आणि दर वेळी आत काहीतरी थोडं सैल होतं.

विचारायची पण पद्धत आहे. "काका, हे असं का करता?" आणि "काका, तुम्ही असं का नाही करत?" यात फार फरक आहे. दुसऱ्यात तुम्ही शिकवायला सुरुवात केलेली असते. पहिला प्रश्न विचारायचा आणि उत्तर संपेपर्यंत गप्प बसायचं, "हो हो, म्हणजे ते असं ना" करत मध्ये घुसायचं नाही.

द्राक्षाचंच बघा. दिंडोरीकडं, निफाडकडं, पिंपळगावला ऑक्टोबर छाटणी चालू असते तेव्हा शहरातून गेलेल्या माणसाला वाटतं, काड्या तर कापायच्यात, सगळ्या सारख्या कापा की झालं. पेठ-सुरगाण्याकडून दरवर्षी कामाला येणाऱ्या टोळ्यांतले लोक कात्री लावायच्या आधी काडी बघतात, जाडी किती, पिकलीय का, डोळा (नवी फूट येते ती जागा) फुगीर आहे का, आणि त्यावरून ठरतं की किती डोळे ठेवायचे. जास्त ठेवले तरी बिघडतं, चुकीच्या ठिकाणी कापलं तर त्या काडीवर घडच येत नाही आणि मालकाचं वर्ष जातं. पुढं घड आले की मणी विरळायचे, घडाला हिसका न बसू देता, उन्हात मान वर करून. या कामाला कागदोपत्री "अकुशल मजुरी" म्हणतात. एक दिवस एका ओळीच्या बांधावर बसा आणि मग तुम्हीच सांगा त्यात अकुशल काय आहे.

दुसरं उदाहरण घाटावरचं. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपल्या मोबाईलवर क्युसेकचे आकडे येतात आणि आपण ते पुढं ढकलतो. घाटाजवळचे जुने दुकानदार मात्र नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. पाणी मारुतीच्या गुडघ्याला आलं की काय करायचं, कमरेला आलं की काय, छातीला लागलं की सराफ बाजाराकडं काय होणार, याचा त्यांचा हिशोब ठरलेला असतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तर मारुती पूर्ण बुडाला होता. त्यातल्या एखाद्या काकांना चहाच्या वेळी विचारा की माल कधी उचलायला घेता. जे कळेल ते कुठल्याही ॲपवर नाही. असं ज्ञान असतं हेच आपल्याला माहीत नसतं, आणि ज्याच्याकडे ते आहे तो आपल्या लेखी "जुना माणूस" असतो.

पायरी ५: थोडं स्वतः करून बघा

इथं बरेच जण थांबतात. त्यांना वाटतं बघितलं म्हणजे कळलं. नुसतं बघून भागत नाही, आणि हे मी मनचं सांगत नाहीये.

१९९९ सालचंच काम आहे, कॉर्नेल विद्यापीठातले जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग. त्यांनी विद्यार्थ्यांना विनोद, व्याकरण आणि तर्क यांच्या चाचण्या दिल्या आणि विचारलं, तुमचा नंबर कुठं लागेल. सगळ्यात खालच्या गटातले लोक सरासरीनं १०० जणांत खालून १२ व्या जागी होते, पण त्यांनी स्वतःला ६२ व्या जागी धरलं होतं. हा भाग बऱ्याच जणांना माहीत असतो आणि तो दुसऱ्याला हिणवायला वापरला जातो, "बघ, तू त्यातला". पण आपल्या कामाचा भाग पुढं आहे. नंतर त्यांनी वरच्या आणि खालच्या गटाला इतरांचे व्याकरणाचे पेपर तपासायला दिले, म्हणजे दुसऱ्यांचं काम दाखवलं. वरच्या गटानं ते बघून स्वतःबद्दलचा अंदाज सुधारला. खालचा गट जिथं होता तिथंच राहिला, दुसऱ्याचं चांगलं काम डोळ्यासमोर असूनही. कारण चांगलं काम ओळखायला त्या कामातलं थोडंतरी कळावं लागतं. मग दुसऱ्या एका प्रयोगात तर्काचं थोडंसं शिक्षण दिलं, तेव्हा खालच्या गटातल्या लोकांना आपण किती चुकलो होतो ते स्वतःलाच दिसायला लागलं.

म्हणजे आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. ज्या कामाला तुम्ही मनातून हलकं समजता ते थोडं हातानं करा.

भाकरीपासून सुरुवात करा, ती प्रत्येक घरात आहे. "भाकरीच तर टाकायचीय" म्हणणाऱ्यानं एकदा बाजरीचं पीठ मळायला घ्यावं. पीठ जुनं असेल, विरी (पिठाचा चिकटपणा) गेली असेल तर कितीही मळा, थापताना चिरतंच, मग गरम पाणी घ्यायचं, तळहाताच्या मुळानं रगडायचं, आणि एका वेळी एकाच भाकरीचा गोळा. थापताना बोटं कडेला चालतात, हात गोल फिरतो, मधलं जाड राहतं का कडा जाड राहते हे बोटाला कळायला हवं. मग ती परातीतून उचलून तव्यावर टाकायची, मोडू न देता. वरून पाणी फिरवायचं ते किती, आणि उलटायचं कधी. आई किंवा बायको शेजारी उभी राहील, तिला सांगायला लावा आणि ती सांगेल तसंच करा, मध्ये यूट्यूब आणू नका. पहिल्या काही भाकऱ्या नकाशासारख्या होतील. त्यानंतर तिचा हात चालताना बघा. काल दिसत नव्हत्या अशा गोष्टी आज दिसतील, त्या दिसाव्यात म्हणूनच ही पायरी आहे.

ऑफिसात असाल तर ज्या डिपार्टमेंटला सगळे नावं ठेवतात तिथं अर्धा दिवस बसायची परवानगी मागा. स्टोअर, डिस्पॅच, कस्टमर केअरचे फोन. एक संतापलेलं गिऱ्हाईक स्वतः हाताळून बघा.

पायरी ६: आता घर आणि ऑफिस

बाहेर थोडा हात बसला की मगच इकडं या. इथं तीन-चार गोष्टी बघायच्या.

तुम्ही खोलीत आलात की काय बदलतं. गप्पा थांबतात का, आवाज खाली येतो का, कुणी मोबाईल काढतं का. हे बघायला जड जातं, पण बघा.

मीटिंगमध्ये कोण कुणाला तोडतं. कागदावर नावं लिहा आणि बोलणं तोडलं की रेघ मारा, स्वतःच्या नावापुढंपण. आणि ठरवून निदान दोघं बोलून झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. तुमचा मुद्दा बऱ्याचदा दुसरंच कुणीतरी मांडतं, कधी तुमच्यापेक्षा नीट.

घरी जेवताना कोण शेवटी बसतं, कुणाच्या ताटात उरलेलं जातं, मीठ कमी आहे हे कोण बोलतं आणि उठून मीठ कोण आणतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, खुर्ची आणि कप. तुमच्या घरी, सोसायटीत, दुकानात, कंपनीत कुणाला खुर्ची मिळते आणि कोण उभं राहतं किंवा खाली बसतं. कामवाल्या ताईंचा कप वेगळा आहे का. सफाई करणाऱ्या दादांना पाणी कशात दिलं जातं. हे आपण नाशकातल्यांनी तरी टाळू नये. याच गावात २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांसारखे इथलेच कार्यकर्ते त्यात पुढं होते, आणि तो १९३५ पर्यंत चालला तरी त्या काळात दार उघडलं गेलं नाही. ज्यांनी दार अडवलं त्यातल्या बऱ्याच जणांना आपण गर्विष्ठ आहोत असं वाटलंही नसेल, त्यांना ती रीत वाटत होती. गुर्मी नेहमी आवाज चढवूनच येते असं नाही. ती घरातल्या मांडणीत मुरलेली असते, कपाटातल्या वेगळ्या कपात असते, आणि ज्याला ती दिसली त्यानं तो कप त्याच दिवशी बाकीच्या कपांत मिसळावा, उद्यावर टाकू नये.

कुठं घसरायला होतं

दया. "बिचारे किती कष्ट करतात" म्हटलं की तुम्ही परत वरच्या पायरीवर. कौतुक करायचं तर कामाचं नेमकं करा, "मावशी, जुडी अशी बांधली की सुटत नाही, हे मला माहीत नव्हतं", एवढं पुरे. "शिकलेली नसून किती हुशार" हे तर कधीच म्हणू नका, समोरच्याला ते लागतं आणि तो दाखवत नाही.

दुसरं, बारीक बघायची सवय लागली की दुसऱ्याच्या चुका पण बारीक दिसायला लागतात. मग माणूस त्या जमवून ठेवतो आणि भांडणात काढतो. वहीत कुणाच्या चुकांची यादी वाढत चाललीय असं दिसलं तर काही दिवस फक्त हातांवर या, पायरी दोनवर.

तिसरं, हे वाचून काही जण स्वतःला अगदीच कमी समजायला लागतील, खास करून तरुण मुलंमुली. तसं नको. तुम्हाला जे येतं ते येतंच. चांगला वेल्डर दुसऱ्या चांगल्या वेल्डरचा जोड बघून मान डोलावतो, त्यानं त्याचं स्वतःचं वेल्डिंग बिघडत नाही. ज्याला स्वतःच्या कामाचा खरा भरवसा आहे त्याला दुसऱ्याचं चांगलं म्हणायला जड जात नाही, हे मी खूप ठिकाणी बघितलंय.

फरक पडतोय का हे कसं ओळखायचं? स्वतःला विचारू नका, स्वतःचं उत्तर इथं चालत नाही. लोक तुम्हाला तोंडावर "नाही, ते चुकतंय तुझं" म्हणायला लागले, ज्युनिअर पोरं शंका घेऊन तुमच्याकडं यायला लागली, वॉचमन काकांचं नाव-गाव तुम्हाला माहीत झालं, तर चाललंय बरोबर. महिने लागतात, आठवड्यात होणारं काम नाही. मध्ये एखाद्या दिवशी जुना आवाज चढेलच, त्या माणसाला त्याच दिवशी जाऊन "माझं चुकलं" म्हणा, त्याला कारणं जोडू नका.

येत्या बुधवारी सुरू करणार असाल तर बाजारात सकाळी लवकर जा, गर्दी व्हायच्या आधी, कारण माल उतरवताना आणि लावताना जे बघायला मिळतं ते नंतर गर्दीत दिसत नाही. पिशवी आणि सुटे पैसे न्या. भाव करू नका, निदान पहिल्या दिवशी तरी.